हातावेगळं

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कळव, असं डोरीन म्हणाली.
म्हणाली आणि गप्प झाली,
जणू पुढचं मीच म्हणावं.

पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली.
ताशी तीन डॉलर कमी.
रात्रपाळीला बत्तीस माणसं, एक नर्स.
निम्म्यांना उठवायला दोघी मदतनीस लागतात
आणि दोघींतली एक बहुधा आजारी असते.
हे पत्रात नाही,
हे डोरीननं जिन्यात सांगितलं, कोटाची चेन लावता लावता.
तेवढ्यासाठी ती मला आवडली.

अकरा वर्षं मी इमर्जन्सीत.
बंदरावर साखळीत चेपलेला पंजा,
कच्च्या बर्फावर स्नोमोबाइल घातलेली पोरं,
छातीवर एक हात दाबून पहाटे तीनला
स्वतः गाडी चालवत आलेला लाकूडवाला,
वर विचारतो, पार्किंगचे किती होतील?
सुई, सलाइन, सही, वरचा मजला.
एकेक माणूस हातावेगळा करायचा.
मागे हात तेवढे उरतात,
सॅनिटायझरनं सोललेले.

पुढे कुणाचं काय झालं, मला कळत नाही.
एकदा दुकानात, बटाट्यांपाशी,
एक बाई गळ्यात पडून रडली.
चेहरा आठवेना.
मनगटावरचा व्रण मात्र ओळखीचा वाटला.

रेमी म्हणतो, तिथं नर्सा म्हाताऱ्या व्हायला जातात,
दोन वर्षांत शीर सापडायची नाही तुला.
असेलही.
खरं सांगायचं तर कमरेचंही आहे,
पण ते मी रेमीला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी डोरीननं सगळं फिरवून दाखवलं.
दर दाराशेजारी भिंतीत काचेची छोटी पेटी,
आपली खोली आपल्याला सापडावी म्हणून.
एकीत मासे धरायचा गळ,
एकीत धान्यकोठारांच्या युनियनचा बिल्ला,
एकीत नुसता चमचा.
नऊ नंबरची रिकामी.
काय ठेवायचं यावर घरच्यांचं अजून एकमत नाही, डोरीन म्हणाली.

चौदा नंबरपाशी एल्वी लाह्तिनेन.
तिनं माझं मनगट धरलं, नाडी बघतात तसं.
आइनो, होडी आत घेतलीस का?
घेतली, म्हटलं.
उलटी घातलीस?
घातली.
मग बरं, म्हणाली,
आणि एकेक बोट सैल होत गेलं.

जन्मात मी होडी उलटी घातलेली नाही.
इमर्जन्सीत खोटं बोलायला सवड नसते,
तिथं आपण म्हणतो, डॉक्टर येतीलच,
आणि पडदा ओढतो.

चार वाजता विचारते, डोरीन म्हणाली.
रोज. सुपीरियर गोठलेलं असलं तरी.
सगळ्याच घेतो आम्ही आत.
परवा तर भिंत रंगवायला आलेल्या पोरानं घेतली.

गुरुवारी रात्री पाकिटाच्या मागे यादी केली.
तोट्यांनी पाकीट भरलं,
कडेनं उभं लिहावं लागलं.
फायद्यांत एकच: पार्किंग फुकट.
खाली आणखी एक ओळ सुरू केली होती,
'तिथं कुणी' एवढीच,
मग बर्फ ओढणारी गाडी गल्लीत आली,
खिडक्या थरथरल्या,
आणि ती तशीच राहिली.

कामावर जाऊन आले.
आठ तासांत सतरा माणसं.
एकाचंही नाव आता सांगता येणार नाही,
विचारू नका.

शुक्रवारी पावणेबाराला फोन लावला.
विचारायचं होतं तीन डॉलरांचं,
निदान दीड तरी वाढवता का म्हणून.
वाक्य जुळवून ठेवलं होतं.
डोरीननं उचलला, मागे कुठेतरी भांडं पडलं,
आणि माझ्या तोंडून निघालं:
आज होडी कुणी घेतली?

अजून चार कुठे वाजलेत, ती म्हणाली.